डबल बोगी



मागे इथे कुणीतरी लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारातल्या गोल्फच्या मैदानाचा फोटो टाकून विचारलं होतं, "आपल्यापैकी कुणी इथे खेळलंय का?" खाली बहुतेक उत्तरं सारखीच होती, आम्ही फक्त भिंतीबाहेरून पाहिलंय. मीही त्यातलाच. प्रतापसिंहराव महाराजांनी १९३० च्या दशकात युरोपियन पाहुण्यांसाठी ते मैदान करवून घेतलं. आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात एक काका राहायचे, ते पोरवयात तिथे साहेबांच्या काठ्यांच्या पिशव्या उचलायला जात. ते सांगायचे, "साहेब चेंडू चुकला की शिव्या देतो, आणि मग स्वतःच हसतो." काकांना त्या हसण्याचं भारी नवल. आपल्याकडे चुकल्यावर माणूस आधी इकडेतिकडे बघतो, कुणी पाहिलं तर नाही ना.

ते मैदान १९९० च्या दशकात महाराजांच्या नातवाने, समरजितसिंहांनी, नव्याने तयार करून लोकांना खुलं केलं. तोवर माझं वय निघून गेलं होतं. गोल्फ मी आयुष्यात एकदाच खेळलो, तेही बडोद्यात नाही, टेक्सासात, आणि अतिशय वाईट खेळलो. त्या दिवशी एक गाणं ऐकलं. त्या गाण्याच्या नादाने नंतर बरंच वाचलं, ते आज लिहितो. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

२०१३ साली आम्ही दोघं मुलीकडे ऑस्टिनला गेलो होतो. जावई मूळचे बेळगावचे. एका शनिवारी सकाळी म्हणाले, "बाबा, घरात बसून काय करणार, येवा की आमच्यासोबत." चौघं होतो. जावई, त्यांच्या ऑफिसातले एक तेलुगू गृहस्थ, शेजारचा एक म्हातारा अमेरिकन इलेक्ट्रिशियन आणि मी. त्या म्हाताऱ्याने आपल्या बॅटरीच्या गाडीत फोनवर गाणी लावली होती. गिटार, ढोलाचा ठेका आणि नाकातला आवाज. त्यातल्या एका गाण्याचं नाव 'डबल बोगी ब्लूज'. संध्याकाळी हे नाव घरी सांगितलं तर आमच्या सौ. म्हणाल्या, "डबल बोगी? म्हणजे एसी की स्लीपर?"

हसू नका, प्रश्न रास्त होता. आपल्याला बोगी म्हणजे रेल्वेचा डबाच माहीत. गोल्फची बोगी वेगळी, आणि तिची गोष्ट मला ह्या सगळ्या वाचनात सर्वांत आवडली.

त्याआधी दोन ओळींत खेळ. चेंडू ठरावीक जागेवरून मारत मारत लांबवरच्या एका भोकात घालायचा. जितके टोले कमी तितका खेळाडू चांगला. अशी १८ भोकं. १८ हा आकडाही सेंट अँड्र्यूजच्या मैदानावर १७६४ मध्ये पडला, आधी तिथे २२ चा फेरा होता. स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ मध्ये ह्या खेळावर बंदीसुद्धा घातली होती, कारण लोक तिरंदाजीचा सराव सोडून हेच करत बसायचे.

आता, अमुक भोकाला किती टोले लागावेत ह्याचं जे प्रमाण, त्याला म्हणतात 'पार'. आपण कॉमर्सवाल्यांनी कान टवकारावेत. हा शब्द शेअर बाजारातून आला. शेअर ॲट पार, अबव्ह पार, बिलो पार, हे आपण फॅकल्टी ऑफ कॉमर्समध्ये घोकलेलं. १८७० मध्ये प्रेस्टविकच्या ओपन स्पर्धेआधी एका गोल्फ-लेखकाने दोन व्यावसायिक खेळाडूंना विचारलं, की अगदी निर्दोष खेळ झाला तर इथल्या १२ भोकांना किती टोले पडतील? उत्तर आलं ४९. त्याला त्याने 'पार' म्हटलं. त्या वर्षी यंग टॉम मॉरिसने तीन फेऱ्या १४९ टोल्यांत पुऱ्या केल्या, म्हणजे तीन गुणिले ४९ च्या फक्त दोन वर. फरक एवढाच, की शेअर पारच्या खाली गेला की आपण कपाळाला हात लावतो आणि गोल्फवाला पारच्या खाली गेला की पेढे वाटतो.

आणि बोगी? ती गाण्यातून आली! १८९० च्या सुमारास इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या ह्यू रॉदरहॅम नावाच्या माणसाने कल्पना काढली, की प्रत्येक भोकाला टोल्यांचा एक ठरावीक आकडा असावा आणि खेळाडूने त्या आकड्याशी लढावं. ग्रेट यार्मथच्या क्लबाने ती उचलली. त्या वेळी इंग्लंडातल्या नाटकशाळांमधून एक गाणं गाजत होतं, लहान मुलांना भिववणाऱ्या बोगी मॅनचं. बोगी मॅन म्हणजे आपला बागुलबुवा. यार्मथला खेळताना एक जण त्या अदृश्य आकड्यापुढे टेकीला आला आणि म्हणाला, हा तुमचा गडी म्हणजे साक्षात बागुलबुवाच आहे. नाव चिकटलं. पुढे १८९२ मध्ये गॉस्पोर्टच्या एका लष्करी क्लबात पेच पडला. तिथे प्रत्येक सभासदाला हुद्दा, मग ह्या बागुलबुव्याला बिनहुद्द्याचा कसा ठेवायचा? त्याला थेट कर्नल करून टाकला. कर्नल बोगी.

आता माझ्या वयाच्या लोकांच्या डोक्यात शिट्टी वाजायला लागली असेल. बरोबर, तीच. १९१४ मध्ये रिकेट्स नावाच्या एका लष्करी बँडमास्तरने केनेथ आल्फर्ड ह्या टोपणनावाने 'कर्नल बोगी मार्च' रचला. सांगतात की त्याच्याबरोबर गोल्फ खेळणारा एक अधिकारी पुढच्या लोकांना सावध करायला ओरडत नसे, दोन सुरांची शिट्टी घालायचा. त्या दोन सुरांवर अख्खी धून उभी राहिली. १९५७ च्या 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' सिनेमात युद्धकैदी ती शिट्टीवर वाजवत चालत येतात, आणि जगभर झाली. आमच्या लहानपणी वरातीतले बँडवालेसुद्धा वाजवायचे. नवरदेव घोड्यावर आणि पुढे कर्नल बागुलबुवा. कुणाला काय माहीत!

अमेरिकेत ह्या बोगीचा अर्थ घसरला. तिथे प्रमाण म्हणून 'पार' पक्का झाला आणि बोगी म्हणजे पारपेक्षा एक टोला जास्त, असं ठरलं. डबल बोगी म्हणजे दोन जास्त. गाण्यातून निघालेला शब्द असा हरत हरत पुन्हा गाण्यात येऊन बसला.

तर त्या गाण्याकडे. 'डबल बोगी ब्लूज' हे १९९६ च्या 'टिन कप' सिनेमातलं, गायक मिकी जोन्स. हा मुळात ड्रमवाला. १९६६ च्या दौऱ्यात बॉब डिलनच्या मागे वाजवलेला, नंतर केनी रॉजर्सच्या फर्स्ट एडिशनमध्ये होता, पुढे नट झाला. सिनेमाचा नायक केव्हिन कॉस्टनर, पश्चिम टेक्सासातल्या आडगावचा, गुणी पण हट्टी गोल्फवाला. यूएस ओपनच्या शेवटच्या भोकावर पाण्याचं तळं आहे. शहाणा माणूस चेंडू अलीकडे सुरक्षित टाकेल. हा तळ्यावरूनच मारायला जातो. चेंडू पाण्यात. पुन्हा तिथूनच मारतो. पुन्हा पाण्यात. पिशवीतला शेवटचा चेंडू उरेपर्यंत. तो मात्र सरळ भोकात जातो. त्या एका भोकावर टोले १२. स्पर्धा हरतो, आणि पाहणारा खूश होऊन घरी जातो. असा सिनेमा आपल्याकडे चालला असता का, मला शंका आहे.

मला प्रश्न पडला तो वेगळाच. ही कंट्री गाणी मुळात गरिबाची, आणि गोल्फ श्रीमंताचा. दोघांची गाठ पडली कुठे?

थोडं मागे जावं लागतं. अठराव्या शतकात अल्स्टरमधून, म्हणजे आयर्लंडच्या उत्तरेतून, स्कॉटिश वंशाची हजारो कुटुंबं अमेरिकेत गेली आणि ॲपलाचियन डोंगरांत वसली. सोबत सारंगीसारखं फिडल आणि आजोळची लांबलचक कथागीतं. सेसिल शार्प नावाचा इंग्रज १९१६ ते १९१८ ह्या काळात त्या डोंगरांत हिंडला आणि इंग्लंड-स्कॉटलंडची जुनी गाणी त्याने तिथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून उतरवून घेतली. आपले पूर्वज पिलाजीराव-दमाजीरावांच्या मागोमाग गुजरातेत आले तेव्हा सामानात ओव्या आणि आरत्या होत्याच की. मुळच्या गावी माणसं विसरून जातात आणि परक्या मुलखात म्हाताऱ्या बायका जपून ठेवतात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण ह्या गाण्यातलं बँजो हे वाद्य आलं ते आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर, आणि 'ब्लूज' हा प्रकारही त्यांचाच. हे विसरून कंट्रीला गोऱ्यांचं संगीत म्हणणं म्हणजे हिशेबातली अर्धी बाजू लपवणं.

तर गाणी स्कॉटलंडातून निघाली, आणि गोल्फही स्कॉटलंडचाच. गाणी गरिबांच्या बोचक्यातून गेली आणि गोल्फ नंतर श्रीमंतांच्या क्लबातून. दोन भाऊ वेगवेगळ्या जहाजांनी गेले म्हणा, आणि पुढे दोनशे वर्षांनी एकमेकांना भेटले.

भेट घडवली पैशाने. १९२५ मध्ये टेनेसीतल्या नॅशव्हिलला एका रेडिओ केंद्राने शनिवारच्या रात्री गावठी गाण्यांचा कार्यक्रम सुरू केला, तोच पुढे 'ग्रँड ओल ऑप्री' म्हणून गाजला. ते केंद्र होतं एका विमा कंपनीचं! केंद्राच्या नावातली आद्याक्षरंसुद्धा कंपनीच्या घोषणेची, 'आम्ही लाखोंना संरक्षण देतो' अशा अर्थाची. शनिवारी गाणी ऐकवायची आणि आठवड्यात एजंटाने दार ठोठवायचं. डिपॉझिट मोबिलायझेशनच्या महिन्यात आम्ही काय काय केलं, पण हे आम्हाला सुचलं नाही.

ह्या गाण्यांत पहिल्यापासून एक रीत आहे, आपली फजिती आपणच सांगायची. जिमी रॉजर्स हा रेल्वेतला ब्रेक्समन, १९२७ मध्ये पहिली रेकॉर्ड केली, त्याला क्षय होता. त्याने १९३१ मध्ये आपल्या क्षयावरच गाणं रेकॉर्ड केलं आणि दोन वर्षांनी, पस्तिसाव्या वर्षी, गेला. हे दुःखाचं टोक. हसण्याचं टोक म्हणजे मिनी पर्ल नावाची बाई. सुशिक्षित, पण १९४० पासून ऑप्रीत गावंढळ म्हणून उभी राहायची, डोक्यावर फुलांची हॅट आणि हॅटला लोंबणारी किमतीची चिठ्ठी, १ डॉलर ९८ सेंट. चिठ्ठी काढायचीच विसरले, असा आव. रॉजर मिलरने तर १९६५ आणि १९६६ ह्या दोन वर्षांत ११ ग्रॅमी नेले, आणि त्यातली बरीच गाणी आपण कसे नालायक ह्याच विषयावर.

पण माझ्या मते ह्या प्रकाराचा कळस म्हणजे जॉनी कॅशचं 'अ बॉय नेम्ड स्यू'. बाप घर सोडून जातो, जाता जाता मुलाला बाईचं नाव ठेवतो. पोरगा आयुष्यभर त्या नावापायी मारामाऱ्या करतो आणि शेवटी बापाला गाठतो. बाप म्हणतो, मी तर राहणार नव्हतो, म्हटलं ह्या नावाने तरी तू टणक होशील. (आपल्याकडे मूल जगावं म्हणून दगडू-धोंडू नावं ठेवायचे, त्याचीच ही उलटी बाजू.) हे गाणं लिहिलं शेल सिल्व्हरस्टीनने, जो लहान मुलांच्या कवितांसाठी प्रसिद्ध. कॅशने ते २४ फेब्रुवारी १९६९ ला सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात, कैद्यांसमोर म्हटलं. गाणं इतकं नवं होतं, की पाठ नव्हतं, कागद बघून म्हटलं. बापाशी हिशेब बाकी राहिलेली किती माणसं त्या सभागृहात असतील, आणि ती सगळी खदाखदा हसली. मी ते रेकॉर्डिंग ऐकलंय. हसण्याचा तसला आवाज मी दुसरीकडे ऐकलेला नाही.

नॅशव्हिलची ही मंडळी साठ-सत्तरच्या दशकांत श्रीमंत झाली. दौऱ्याच्या मधल्या मोकळ्या दुपारी करायचं काय? गोल्फ. ग्लेन कॅम्पबेलचं नाव १९७१ ते १९८३ पर्यंत लॉस एंजेलिस ओपन स्पर्धेलाच लागलेलं होतं. व्हिन्स गिल १९९३ पासून टेनेसीत मुलांच्या गोल्फसाठी निधी जमवायला स्पर्धा भरवू लागला. आणि गरीब घरची ही माणसं मोठ्या वयात खेळ शिकलेली. गाण्यासाठी ह्याहून चांगला माल कुठला? कापूस वेचण्याचं, बायको सोडून जाण्याचं दुःख जिथे बसवायचे, तिथे आता चेंडू बसला.

आणि हा खेळ त्या गाण्यांना फार सोयीचा आहे. क्रिकेटमध्ये बॉलर असतो, खेळपट्टी असते, अंपायर असतो, कुणावर तरी ढकलता येतं. हजाऱ्यांच्या गावचे आपण, आपल्याला हे ढकलणं उत्तम जमतं. गोल्फमध्ये चेंडू जागेवर स्वस्थ बसलेला असतो, मुंगीसुद्धा हलवत नाही, आणि तरीही तो चुकतो. दोष द्यायला आपण सोडून कुणीच नाही. शिवाय टोले स्वतःच मोजायचे, स्वतःच लिहायचे. गाण्याची घडणही आयती मिळते. पहिल्या कडव्यात झाड, दुसऱ्यात वाळूचा खड्डा, तिसऱ्यात तळं. फजिती चढत्या भाजणीने आणि दर वेळी तेच धृपद. हार्लन हॉवर्ड म्हणून त्यांचा एक मोठा गीतकार होता, तो म्हणायचा म्हणे की कंट्री गाण्याला तीन कॉर्ड्‌स आणि खरं बोलणं एवढंच लागतं.

आपल्याकडे हे नाही असं मुळीच नाही. नाथांचं विंचवाचं भारूड घ्या, चावलाय म्हणणारा नाथांचाच 'मी' आहे, लोकांकडे बोट नाही. आणि आपले चिं. वि. जोशी! पाली भाषेचे प्राध्यापक, आपल्या बडोद्यात राहून त्यांनी चिमणराव लिहिला. जे करायला जाईल ते बिघडवून येणारा, आणि ते सगळं स्वतःच्या तोंडाने सांगणारा. टीव्हीवर दिलीप प्रभावळकर ते काम करत तेव्हा आमच्या घरी सगळे हसायचे. मीही हसायचो. पण चिमणराव म्हणून हसायचो. स्वतःवर मी कधी हसलो नव्हतो, आणि त्याला कारण होतं. ते पुढे.

त्याआधी विली नेल्सन. त्या शनिवारी गाडीतून जाताना जावयांनी त्याची गोष्ट सांगितली, कारण त्याचं मैदान ऑस्टिनच्या पश्चिमेला तिथून जवळच. पेडर्नालेस नावाचा हा नऊ भोकांचा गोल्फ क्लब विलीने १९७९ मध्ये विकत घेतला आणि लगत रेकॉर्डिंग स्टुडिओ केला. दोन गाण्यांच्या मध्ये नऊ भोकं. तो म्हणायचा, मैदान माझं, तेव्हा पार मी म्हणेन तो. हे भोक ४७ टोल्यांचं आहे आणि काल मी ते एक टोला राखून जिंकलं. बँकेत असा ब्रँच मॅनेजर असता तर एकही खातं एनपीए झालं नसतं!

पण १९९० च्या नोव्हेंबरात आयकर खात्याने त्याची मालमत्ता जप्त केली. मागणी १ कोटी ६७ लाख डॉलरची. करबचतीच्या ज्या योजनांत त्याचे पैसे घातले होते, त्या खात्याने अमान्य केल्या होत्या. घर, शेत, मैदान, स्टुडिओ, सगळं गेलं. एक जुनी गिटार मात्र मुलीने आधीच हवाईला पोचवली होती. (बँकर म्हणून मी ह्याला मान्यता देऊ शकत नाही. गहाण माल हलवणं काय असतं ते आम्हाला विचारा. पण मनातून बरं वाटलं.) लिलाव झाले तेव्हा काही चाहत्यांनी आणि मित्रांनी वस्तू विकत घेऊन त्याच्या त्यालाच परत दिल्या. आणि विलीने काय करावं? दिवाळखोरीचा अर्ज न करता, नुसता आवाज आणि गिटार घेऊन आपली जुनी गाणी रेकॉर्ड केली, अल्बमच्या नावातच आयकर खात्याचं नाव घातलं, आणि विक्रीचे पैसे खात्याला जाऊ दिले. १९९३ मध्ये तडजोड होऊन प्रकरण मिटलं. मैदान पुढे त्याला परत मिळालं.

वसुलीत माझी बरीच वर्षं गेली. कर्ज बुडालं की माणूस गाव सोडतो, फोन उचलत नाही, आजारी पडतो. कर्जाचं नाव पाटीवर लिहून ती गळ्यात घालून गाणारा ऋणको मी पाहिला नाही. आणि अधिकारीही पाहिला नाही.

आता माझं कारण. १९८९ मध्ये मी पंचमहालातल्या एका लहान शाखेचा मॅनेजर होतो. एका तेलगिरणीला शेंगतेलाच्या साठ्यावर कर्ज दिलं. साठा मी स्वतः मोजला. गोदामात छतापर्यंत पंधरा किलोचे डबे. पुढच्या रांगेतले सहा उघडून पाहिले, अस्सल तेल. यादी जुळली, सही केली. खातं बुडाल्यावर गोदाम उघडलं तेव्हा मागच्या सगळ्या रांगांत पाणी निघालं. सीलबंद, स्वच्छ पाणी. चौकशीत मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला, "मागचे डबे का उघडले नाहीत?" उत्तर नव्हतंच. मी एक पैसाही खाल्ला नव्हता, हे चौकशीने मान्य केलं. पण दोन इन्क्रिमेंटं थांबली आणि १९९१ च्या प्रमोशनच्या यादीतून नाव गेलं.

हे फक्त सौ.ला माहीत. आई-वडिलांना, भावाला, शेजाऱ्यांना सांगितलं, की प्रमोशनबरोबर लांब बदली होती, आणि मुलीचं दहावीचं वर्ष, म्हणून मीच नको म्हटलं. लोकांनी कौतुक केलं. आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात एकांनी माईकवरून माझा दाखला दिला, मुलांसाठी त्याग वगैरे. मी खाली मान घालून ऐकलं. त्यांना तो विनय वाटला.

ऑस्टिनला पाचव्या भोकाच्या आधी तळं होतं. माझा पहिला चेंडू तळ्यात. दुसरा तळ्यात. तिसरा. माझी क्रिकेटची सवय, चेंडू बॅटीने ढकलल्यासारखा मारायचो, तो घरंगळत पाण्याकडे जायचा. जावई म्हणत होते, "बाबा, राहू दे की, पलीकडून मारूया." मी ऐकेना. पाचवा चेंडू पाण्यात गेला तेव्हा मागे गाडीत ते गाणं लागलं होतं आणि म्हातारा इलेक्ट्रिशियन त्याच्याबरोबर म्हणत होता, स्वतःच्या पोटावर ठेका धरून. त्याचेही दोन चेंडू त्याच तळ्यात होते. मला काय झालं सांगता येत नाही. मी मराठीत म्हणालो, "पाणी माझ्या पाचवीलाच पुजलंय," आणि जावयांना तेलाच्या डब्यांची गोष्ट सांगितली. उभ्या उभ्या, हातात काठी धरून. सहा डबे तेलाचे, बाकी पाणी. त्यांनी ती इंग्रजीत त्या दोघांना सांगितली. तेलुगू गृहस्थ इतके हसले की गवतात बसले. इलेक्ट्रिशियनने टोपी काढून मला हात दिला आणि म्हणाला, ह्याचं गाणं व्हायला पाहिजे. चोवीस वर्षांत त्या डब्यांवर मी पहिल्यांदा हसलो. सहावा चेंडू तळ्यापलीकडे गेला.

रात्री जेवताना जावयांनीच विषय काढला, त्यांना वाटलं मुलीला माहीत असेल. मी पुन्हा सांगितलं, ह्या वेळी जरा रंगवून. मुलगी आधी हसली. मग भाजीचं भांडं खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे माझ्या दहावीसाठी तुम्ही प्रमोशन सोडलं नव्हतंत?"

मी म्हटलं, "नाही गं."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला दहावीत ७१ टक्के पडले होते, बाबा. मला वाटायचं, तुमचं प्रमोशन घेतलं आणि ७१ टक्के दिले." एवढं बोलून उठून आत गेली. सौ. तिच्या मागे गेल्या. एक खोटं आपण आपली अब्रू झाकायला बोललो, आणि त्याचे हप्ते बावीस वर्षं पोरगी भरत होती, हे मला त्या टेबलावर कळलं. सकाळी ती चहा घेऊन माझ्यापाशी येऊन बसली आणि म्हणाली, "ते डब्यांचं परत सांगा. सावकाश." सांगितलं.

परत निघताना जावयांनी त्या दिवसाचं स्कोअरकार्ड माझ्या हातात दिलं, आठवण म्हणून. नऊ भोकं, पार ३६, माझी टोटल ९१. विमानात वेळ होता म्हणून आकडे तपासले. पाचव्या भोकापुढे त्यांनी १२ लिहिले होते. पाच चेंडू पाण्यात, प्रत्येकी टोला एक आणि दंड एक, झाले दहा. पलीकडे गेला तो अकरावा. हिरवळीवर आणला तो बारावा, आणि भोकात घालायला आणखी दोन. सासऱ्याचा मान ठेवून दोन टोले गिळले होते. मी पेन काढलं, १२ वर काट मारून १४ केले, ९१ च्या ९३ केल्या, आणि दोन्ही खाडाखोडींपाशी सही केली.